चाळीसच्या वर नाय

आमच्या घरी संध्याकाळचा भात कधी शिजायचा हे घड्याळावर नव्हे, बाबांच्या फटफटीवर ठरायचं. बाबा धामापूरच्या पलीकडच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवायचे आणि रोज मालवणाजवळच्या आमच्या वाडीतून मोटारसायकलने जायचे-यायचे. दिवस कलला की आई चुलीवर आधण ठेवायची, तांदूळ धुवून रोवळीत निथळत ठेवायची आणि तशीच बसून राहायची. आमटी झालेली असे, सोलकढी झालेली असे, बांगडे हळद-मीठ लावून बाजूला असत, पण तांदूळ काही आधणात पडायचे नाहीत. व्हाळावरच्या साकवाकडून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाकडून, फटफटीचा आवाज आला की मगच ती तांदूळ वैरायची. तोवर आधणाचं पाणी आटायचं, ती पुन्हा पाणी ओतायची. मी आणि काकी तिच्याकडे बघत बसायचो. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका मुंबईला गिरणीत, म्हणून ती आमच्याकडेच असायची. आम्हा तिघींचे कान त्या साकवाकडे. नारळाचं झावळ पडलं तरी आई चमकून उठायची. आज माझी सून मोबाइलवर नवऱ्याची गाडी कुठे आली ते बघते आणि कुकर लावते. मला तिचा हेवा वाटतो. पण बघता बघता तिचाही चेहरा तसाच होतो, हेही मी पाहिलंय.

तांदळाचं हे खूळ उगाच नव्हतं. आईचा सख्खा भाऊ, आमचा आपामामा, मोटारसायकलवरून येताना बैलगाडीवर आदळून गेला, तेव्हा आईने त्याच्यासाठी भात टाकलेला होता. तो भात शिजला, वाफ जिरली आणि मग माणसं सांगत आली. तेव्हापासून माणूस दारात आल्याशिवाय त्याच्या नावाचा तांदूळ चुलीवर चढवायचा नाही, असं तिने मनाशी घेतलं. बाबांनी फटफटी घ्यायचं काढलं तेव्हा तिने तीन दिवस अबोला धरला. शेवटी एसटीच्या पायी बाबांचे हाल बघून ती कबूल झाली, पण एका अटीवर. सातेरीच्या देवळात जाऊन बाबांनी देवीच्या पायाला हात लावून सांगायचं, की मी चाळीसच्या वर गाडी नेणार नाही. बाबांनी सांगितलं. गणिताचा मास्तर, देवळात फारसा न जाणारा, पण शब्दाला पक्का. चाळीस म्हणजे चाळीस. वाडीतली पोरं मागून टिंगल करायची, ‘मास्तरांच्या फटफटीक सायकल मागे घालता.’ बाबा हसायचे आणि चाळीसवरच राहायचे.

आणि एका पावसाळ्यात गाडीचा मीटरच मेला. खाऱ्या वाऱ्याने केबल खाल्ली. आमच्याकडे खारो वारो काय ठेवत नाही. दाराच्या कड्या, रेडिओच्या तारा, शिवणयंत्राचं चाक, सगळं खातो. बाबांनी केबल बदलली, तीही खाल्ली. पुन्हा बदलली, पुन्हा तेच. काटा शून्यावर पडून राहिला. बाबा विनोद करायला गेले, “मी आता शून्यार गाडी चलयतंय. तुझी देवी खूश!” आईला हसू आलं नाही.

“मीटर बंद, मगे चाळीस झाले ता तुमका कळतला कसा?”

“अगो, माका अंदाज आसा.”

“आपाकय अंदाज होतो,” आई म्हणाली. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. त्या रात्रीपासून आईची झोप उडाली. दुपारी भांडी घासताना तिचे हात मध्येच थांबायचे. ती कुणाला काही बोलायची नाही, पण तिचा जीव टांगणीला आणि त्यामुळे आमचाही. आई घाबरली की घरातली कोंबडीसुद्धा घाबरायची, असं काकी म्हणायची.

दिवाळीच्या सुमाराला दादा बोटीवरून सुट्टीवर आला. माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला. दरवेळी बॅगेतून काहीतरी अजब काढायचा. या खेपेला त्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी डबी काढली. विलायतेच्या कुठल्याशा बंदरात घेतलेली. तिच्या तोंडावर राखाडी काच, आणि काचेत आकडे उमटायचे. काटा नाही, केबल नाही. चाकाच्या आरीला एक लोहचुंबकाचा तुकडा बसवायचा, समोरच्या फोर्कला एक सेन्सर, तिथून बारीक वायर वर डबीपर्यंत. चुंबक फिरून सेन्सरसमोरून गेला की डबी मोजणार आणि वेग सांगणार. गाडीच्या करंटशी संबंध नाही. आत बटणाएवढा सेल.

“आये, हेच्यात तुटूक काय नायच,” दादा म्हणाला. “खारो वारो खायत काय? सरळ आकडो दिसतलो. चाळीस म्हणजे चाळीस.”

आई म्हणाली, “घाल बाबा. तुझ्या तोंडात साखर पडो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी उभी केली आणि वाडीतली निम्मी माणसं जमली. दादाने टायरवर खडूची खूण केली, गाडी ढकलत चाक एक पूर्ण फेरा फिरवलं, आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर काकीच्या शिवणाच्या टेपने मोजलं. तो आकडा डबीत भरला. मग गाडी मधल्या स्टँडवर चढवून चुंबक आरीला तारेने आवळला. पहिल्यांदा तो सेन्सरपासून लांब राहिला, आकडाच उमटेना. चाक हाताने गरगर फिरवतायत, काचेत भोपळा. आई तुळशीजवळ उभी, पदर तोंडात. दादाने सेन्सर जरा आत सरकवला, पुन्हा चाक फिरवलं, आणि काचेत टपटप आकडे चढले. सगळे ओरडले. बाबांनी तर पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. मग दादाने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्या डबीची मोट बांधली. आमच्याकडे नवी वस्तू उघडी ठेवत नाहीत. रेडिओला प्लास्टिक, टॉर्चला प्लास्टिक. डबीवर स्वच्छ प्लास्टिक ओढून चारी कडांनी काळी चिकटपट्टी गच्च मारली. फक्त मधले मोठे आकडे दिसतील एवढी खिडकी ठेवली. बाजूला एक बटण होतं, तेही पट्टीखाली गेलं. “तेका हात लावा नको,” दादाने बाबांना बजावलं, “नायतर माप पुसला जायत.”

आईला एवढ्यावर समाधान नव्हतं. तिने देवळातले मानकरी दाजी यांना बोलावून नारळ ठेवला. दाजींनी खळ्यात उभं राहून, हात जोडून, खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आज मास्तराच्या गाडयेक परदेशातलो मीटर लायलेलो आसा, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“मास्तरान चाळीसच्या वर जावचय नाय म्हणान तुझ्या पायार सांगणा केल्यान हा. तेका सांभाळ, आनि तेच्या फुड्यात येतली ढोरा-गुरा, पोरा-टोरा, तेंकाय सांभाळ, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज आईचा होता.

दादा बोटीवर परत गेला आणि आमच्या घराला जणू दृष्ट लागण्याजोगं सुख आलं. बाबा लवकर येऊ लागले. पूर्वी दिवेलागणीला साकवावर वाजणारी फटफटी आता उजेड असतानाच वाजायची. आधण पुरतं उकळायच्या आत आवाज. काकी म्हणायची, देवीचीच कृपा. बाबा म्हणायचे, मीटर लावल्यापासून इंजिन खुललंय, पूर्वी अंदाजाने फारच हळू चालवत होतो. तेही खरंच वाटायचं. आई रात्री झोपू लागली. एकदा तर तिला मी पाटा-वरवंट्यापाशी गुणगुणताना ऐकलं आणि माझा कानांवर विश्वास बसेना. त्या दिवसांत तिने केलेली खापरोळी आणि नारळाचा रस मी अजून विसरलेली नाही. मी मात्र कुठेतरी अस्वस्थ होते. बाबा खळ्यात शिरायचे तेव्हा त्यांचे केस मागे उभे, डोळे लाल आणि शर्टावर किडे चिकटलेले. चाळीसला एवढे किडे? पण मी कोण बोलणारी? आई सुखात होती. तिच्या सुखाला नख लावायची माझी छाती नव्हती.

मग माझं कुडाळला कॉलेजच्या दाखल्याचं काम निघालं आणि बाबांनी मला मागे बसवलं. ते आत वहाणा शोधत होते तेवढ्यात मी पट्टीखाली चाचपून ते बटण दाबलंच. मेली खोड! काचेत दुसराच आकडा आला आणि दाबून धरल्यावर तो शून्य झाला. झालं, मोडला मीटर! बाबांना सांगायची हिंमत होईना. पण गाडी निघाली आणि वेगाचा आकडा नीट उमटू लागला, तेव्हा जीव जरा भांड्यात पडला.

पण जीव फार वेळ भांड्यात राहिला नाही. मी पूर्वी बाबांच्या मागे पुष्कळदा बसले होते. चाळीस कसं लागतं ते मला माहीत होतं. चाळीसला माझ्या रिबिनी पाठीवर हलत. त्या दिवशी एक रिबीन सुटून उडून गेली आणि मागे वळून बघेपर्यंत दिसेनाशी झाली. धामापूरच्या तलावाजवळच्या वळणावर गाडी अशी आडवी झाली की मी बाबांचा शर्ट मुठीत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने की भीतीने, मला सांगता येणार नाही. बाबांच्या खांद्यावरून पाहिलं तर काचेत शांतपणे आकडा बसलेला. चाळीस. कधी एकोणचाळीस. बाबा शिट्टी वाजवत होते.

कुडाळला बाबा कॉलेजच्या कचेरीत गेले आणि मी गाडीपाशी थांबले. पुन्हा बटण दाबलं. सकाळी शून्य केलेल्या जागी आता अंतर दिसत होतं, आणि ते रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी कुठेच जुळत नव्हतं. दगडांच्या निम्म्याहून जरा जास्त. आधी वाटलं, माझ्याच बटण दाबण्याने बिघडलं. मग नखाने खालची चिकटपट्टी सोलली. काचेच्या अगदी तळाला मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती. मैल. ताशी मैल. दादाने पट्टी मारली होती ती नेमकी त्या अक्षरांवर. जहाजावर आयुष्य मैलांत घालवणाऱ्या माणसाला ते कशाला खटकेल!

मी तिथेच फुटपाथवर बसले. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर आईचं काय होईल. न सांगावं तर परतीच्या वाटेवर तलावाचं वळण पुन्हा होतंच. शपथ सातेरीसमोर घेतलेली. आईची झोप, तिचं गुणगुणणं. बाबा हसत बाहेर आले आणि माझं तोंड बघून थबकले.

“काय गो? कोण काय बोललो?”

मी फक्त बोट दाखवलं. बाबा वाकले, अक्षरं वाचली. गणिताच्या मास्तराला कागद लागत नाही. त्यांचे ओठ क्षणभर हलले आणि मग चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. चाळीस मैल म्हणजे पासष्टाच्या घरात. रोज. महिनोन् महिने. शाळा सुटलेल्या पोरांमधून, गुरांमधून, त्या वळणावरून.

“देवा रे,” एवढंच ते म्हणाले, आणि गाडीचं हँडल धरून उभे राहिले. धरलेले हात थरथरत होते. माझ्या बापाचे हात मी त्याआधी कधी थरथरताना पाहिले नव्हते. मला रडू आलं. परतताना त्यांनी गाडी चालवली असं म्हणायचं. खरं तर दोन्ही पाय खाली सोडून ते ती जवळजवळ चालवत, म्हणजे स्वतः चालत, आणत होते. सायकलवाले पुढे गेले. एक म्हातारी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आमच्या बरोबरीने बराच वेळ चालली आणि म्हणाली, “मास्तरांनू, पेट्रोल संपला काय?”

घरी पोचलो तेव्हा आई साकवापर्यंत धावत आली होती. बाबांनी काही लपवलं नाही. साकवावरच उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं आता ही किंचाळणार, शिव्या घालणार, दादाच्या नावाने बोटं मोडणार. तिने बाबांच्या छातीवर, दंडावर हात फिरवून पाहिला, माणूस अख्खा आहे ना एवढं बघावं तसा. मग म्हणाली, “उद्या देवळात जावया. कौल घेवया.”

आमच्याकडे चूक झाली की देवीला विचारायची रीत आहे. मूर्तीवर पाण्याने ओली फुलं चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवं फूल पडलं की होकार, डावं पडलं की नकार. दाजींनी गाऱ्हाण्यात सगळी हकीकत सांगितली, चूक-भूल पदरात घ्यायला सांगितलं, आणि विचारलं, मास्तराने गाडी चालवावी की नाही? मग गाभाऱ्यात शांतता. फुलं सुकत होती, पण पडेनात. आईचे ओठ पुटपुटत होते. बाबा, जे एरवी कौलाला हसायचे, एकटक बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. मला त्या क्षणी देवीचीसुद्धा भीती वाटली. शेवटी उजव्या खांद्यावरचं फूल हललं आणि घरंगळत खाली आलं. दाजी आनंदले. “देवीक चाळीस म्हायत, मास्तर. मैल काय नि किलोमीटर काय, ता तुमचा शाळेतला!” सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

देवीने हो म्हटलं, पण हातांनी म्हटलं नाही. बाबा रोज सकाळी गाडी बाहेर काढायचे, किक मारायचे, बसायचे. इंजिन धडधडत राही. मग ते किल्ली फिरवून बंद करायचे, उतरायचे आणि पिशवी घेऊन एसटीकडे चालू लागायचे. मीटर काढून कपाटात टाकला तरी तेच. एसटी कधी येई, कधी भरलेली म्हणून थांबतच नसे. वर्ग बुडू लागले, मुख्याध्यापक बोलू लागले. बाबा रात्री माझ्याशी एकदा बोलले, “डोळे मिटले की ता वळण दिसता गो. समोर एक पोर. नसलेला पोर.” शेवटी त्यांनी ठरवलं, शाळेच्या गावातच खोली घ्यायची, आठवड्यातून एकदा घरी यायचं आणि गाडी विकायची. बांद्याचा एक कापडदुकानदार रविवारी गाडी बघायला येणार असं ठरलं. काकीने हे ऐकून डोळ्याला पदर लावला. मीही. ज्या माणसाच्या येण्यावर घर उभं होतं, तो आता पाहुण्यासारखा येणार होता. आई मात्र गप्प. वाटलं, तिच्या जिवाला घोर नको, हीच तिची इच्छा असेल. किती चुकले मी!

रविवारी सकाळी बाबा गाडी पुसत होते. आई आतून आली. नऊवारीचा कासोटा घट्ट खोवलेला, पायात वहाणा, पदर कमरेला. जन्मात ती मोटारसायकलवर बसली नव्हती. एसटीतसुद्धा खिडकीपासून लांब बसायची.

“फुडे बसा,” ती बाबांना म्हणाली.

“म्हणजे?”

“गाडयेर. फुडे. मी मागे बसतंय.”

“अगो, तुका येड-बिड लागला काय? माझे हात...”

“हात माका म्हायत तुमचे,” आई म्हणाली, आणि तिचा स्वर वाढला. “इतकी वर्सां मी भियालंय. आता तुमी भिवान खोली घेवन ऱ्हवा, नि मी हय चुलीफुडे बसान भिवंया? ह्या काय जगणा झाला? मरूचा तर दोगांय मरूया. पण भिवान घरात बसलेलो घोव माका नको!”

काकीच्या हातातली सुपली खाली पडली. बाबांनी हातातलं फडकं दगडावर टाकलं. मग गाडीवर बसले. आईने खळ्यातल्या दगडावर पाय ठेवला आणि गड्यासारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ घट्ट मिटलेले आणि दोन्ही मुठींत बाबांचा शर्ट. देवाशपथ सांगते, इतकं भ्यालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. बाबांनी किक मारली.

“किती स्पीडान न्हेव?” त्यांनी विचारलं.

“माका भिया वाटला की पाठीर थापटी मारतलंय. तेवढ्यान समजा.”

गाडी खळ्यातून रडतखडत निघाली, फाटकापाशी डगमगली, मला वाटलं पडलेच, आणि मग सरळ झाली. आईची पहिली थापटी तिथेच बसली, धपकन. वळणाआड जाईपर्यंत ती बाबांच्या पाठीवर थापट्या मारतच होती. मी फाटक धरून उभी राहिले आणि हसत होते की रडत होते हे मला आजही कळत नाही.

ते बराच वेळ आले नाहीत. बांद्याचा दुकानदार मात्र आला. स्वच्छ पांढरा शर्ट, पेन खिशाला. काकीने चहा दिला. तो चहा पिता पिता खळ्यात इकडेतिकडे बघत होता.

“गाडी खंय आसा, बाय?”

मी म्हटलं, “आयेन न्हेल्यान.”